डिसेंबरमध्ये दाखवीन

वहिनी, मी तुझ्यावर भयंकर चिडलेय. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुठे माझा आवाज मऊ लागला तर तुझा गैरसमज व्हायला नको. तुला जाऊन अजून दोन महिने झाले नाहीत. हॉलमध्ये तुझा फोटो लावलाय, त्याला रोज ताजा हार असतो. भेटायला येणारे फोटोसमोर हात जोडतात आणि म्हणतात, किती शांत चेहरा आहे. त्या वेळी मी स्वयंपाकघरात जाऊन उगीचच भांडी आदळते.

शांत कसला. तो फोटो तुझ्या नाटकी चेहऱ्याचा आहे. खोटं बोलताना तुझा चेहरा अगदी असाच व्हायचा, हे मला आता कळलंय.

उन्हाळ्यात अल ऐनमधली निम्मी मराठी घरं बंद होतात. शाळांना सुट्टी लागली की बायका मुलांना घेऊन भारतात पळतात. आपण दोघी मात्र इथेच. आपल्या नवऱ्यांचा धंदा एसी दुरुस्तीचा. जून ते सप्टेंबर म्हणजे त्यांचा सीझन, श्वास घ्यायला फुरसत नाही. थोरले दादा आणि धाकटा माझा प्रकाश, दोन सख्खे भाऊ, सनय्याच्या कारखान्यांच्या वस्तीत एक वर्कशॉप, एक व्हिला आणि आपण दोन जावा. वीस वर्षं एकाच ओट्यावर पोळ्या लाटल्या. लग्न होऊन मी इथे आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तू मला सांगून टाकलंस की अहो-जाहो करशील तर तुझ्या आमटीत मीठ जास्त घालीन. तेव्हापासून वहिनी आणि तू.

आणि उन्हाळा म्हणजे आपलं चालणं. लोक हसायचे, या उकाड्यात कोण चालतं. पण पहाटेची बांग झाली की तू माझ्या खोलीच्या दारावर दोन टिचक्या मारायचीस, आणि मी डोळे चोळत बाहेर यायची तोवर तू तुझ्या लेकीचे, सानिकाचे, जुने स्पोर्ट्स शूज घालून फाटकात उभी. ‘यल्ला अर्चना, सूर्य तुझ्या बापाचा नोकर नाही.’ व्हिलांची रांग संपली की शेतांचा रस्ता लागायचा. एका बाजूला खजुराच्या बागांच्या मातकट भिंती, दुसऱ्या बाजूला उंटांसाठी लावलेलं हिरवंगार गवत, आणि लांब डोंगर. त्या वेळी हवा अंगाला लावून घेण्याइतकी तरी बरी असायची. सात वाजले की खलास, पुन्हा एसीच्या पिंजऱ्यात.

वळणावर त्या म्हाताऱ्या अरब बाबांची बाग. आत खजूर, लिंबं, थोडे आंबे. आणि रस्त्याच्या भिंतीलगत देशी बदामाची झाडं, हे बाबा त्याला बिदाम म्हणतात. फळं पिकून रस्त्यावर पडायची. तू ती ओढणीत गोळा करायचीस, पाण्याच्या पाटाच्या कट्ट्यावर बसायचीस आणि दगडाने फोडायचीस. बाबांनी एकदा बघितलं आणि मला वाटलं आता ओरडणार. ते आत गेले आणि जरा मोठा, चपटा दगड घेऊन आले. त्यांचं हिंदी आपल्या हिंदीपेक्षा बरं होतं. म्हणाले, ‘छोटे पत्थर से उंगली टूटेगा.’ तेव्हापासून तो दगड आपला झाला. अख्खा निघालेला गर तू माझ्या हातावर ठेवायचीस, तुकडे झालेले स्वतः खायचीस. मी म्हणायची, उलटं कर कधीतरी. तू म्हणायचीस, तुला फोडता येत नाही म्हणून दया करते.

आपण तिथे काय काय भांडलो. आमटीत चिंच की आमसूल. सानिकाला अबुधाबीत एकटीला राहू द्यावं की नाही. परत कधी जायचं, यावर तर दरवर्षी. तुझं ठरलेलं उत्तर, अजून दोन वर्षं, मग खलास, कराडला घर बांधून राहायचं. मी इथे आले तेव्हाही दोनच वर्षं उरली होती. मी तुला त्यावरून चिडवायची आणि तू माझ्या पाठीत धपाटा घालायचीस. या भांडणांचा निकाल आता कुणी लावायचा? आमसुलाचं मी अजूनही मान्य केलेलं नाही.

तर गेल्या वर्षीचा जून. त्याच कट्ट्यावर, हातात दगड असताना, तू अगदी सहज म्हणालीस की डाव्या बाजूला गाठ लागतेय. मी विचारलं, कधीपासून. तू म्हणालीस, झाले असतील दोनेक महिने. आणि मग तेच, जे या देशातली सगळी मराठी माणसं म्हणतात.

‘डिसेंबरमध्ये गावी जाऊ ना, तेव्हा आपल्या डॉक्टरांना दाखवीन.’

वहिनी, आपल्याकडे सगळंच डिसेंबरमध्ये दाखवायचं असतं. दाढ दुखतेय, डिसेंबर. चष्म्याचा नंबर वाढलाय, डिसेंबर. दादांचा गुडघा, माझी पाळी, प्रकाशची पाठ, ब्लाउज शिवायचे, मंगळसूत्राची तुटलेली वाटी जोडायची, सगळं एका गाठोड्यात बांधून ठेवायचं आणि विमानात बसायचं. इथे दवाखान्यांना काही कमी नाही. विमा आहे, कार्ड पर्समध्ये आहे. पण इथला डॉक्टर आपला नाही. आपला तो, जो कराडला बसतो, ज्याला आपली सासू माहीत आहे. मीही दाढ घेऊन असे किती डिसेंबर काढलेत. दाढ थांबते गं. गाठ थांबत नाही.

हे मी तुला तिथल्या तिथे ओरडून सांगितलं. इतकं ओरडले की भिंतीपलीकडून बाबा डोकावले. तू म्हणालीस, हळू बोल. मी म्हणाले, दवाखान्यात जाईपर्यंत हळू बोलणार नाही, आणि आज दादांना सांगते. त्यावर दोन दिवस तू माझ्या दारावर टिचकी मारली नाहीस. तिसऱ्या दिवशी मारलीस, आणि चालता चालता म्हणालीस की जाऊन आले. मशिदीमागच्या दवाखान्यात. केरळची डॉक्टरीण आहे, तपासलं, सोनोग्राफी केली, चरबीची गाठ आहे म्हणाली, घाबरायचं काही नाही. तू तिचं नावसुद्धा सांगितलंस. वर म्हणालीस, तिचे हात असे गार होते की मी टुणकन उडाले, तर ती म्हणते, आंटी, यू आर व्हेरी टिकलिश.

मी केवढी हसले होते. मला इतकं हलकं वाटलं की त्या दिवशी तुझ्यासाठी पुरणपोळ्या केल्या, भर उकाड्यात. आणि तू त्या खाल्ल्यास. तीन खाल्ल्यास, तूप घालून, माझ्या समोर बसून. मला सर्वांत जास्त राग कशाचा येतो सांगू? त्या पोळ्यांचा.

डिसेंबरमध्ये कराडच्या डॉक्टरांनी हात लावला आणि तिथूनच पुण्याला पाठवलं. मग पुढचं सगळं तुला माहीत आहे, मी कशाला लिहू. घरात एकच वाक्य सुरू झालं. इथल्या डॉक्टरणीला कळलं नाही. दादा म्हणाले, प्रकाश म्हणाला, व्हिडिओ कॉलवर तुझी बहीण म्हणाली. मी तर त्या बाईला मनातल्या मनात इतके शिव्याशाप दिले की विचारू नकोस.

मार्चमध्ये मी पुण्याला आले, तुझ्या बहिणीकडे. तुझे केस गेले होते, बोटांची नखं काळी पडली होती. तू मला दार लावून घ्यायला सांगितलंस आणि भिंतीकडे बघत म्हणालीस, ‘अर्चना, मी त्या दवाखान्यात गेलेच नव्हते गं.’

दारापर्यंत गेलीस म्हणे. बाहेरच्या पाटीवर डॉक्टरणीचं नाव वाचलंस आणि परत फिरलीस. गार हात, गुदगुल्या, आंटी, सगळं तू रस्त्यात रचलंस. मी विचारलं, का. तू म्हणालीस, सीझन चालू होता. सानिकाची नवी नोकरी होती, तिचं अजून कायम व्हायचं होतं. इथे काही निघालं असतं तर सगळं थांबलं असतं. आणि मग हळूच म्हणालीस, ‘भीती वाटली. तिथे मी एकटी काय करणार होते? गावी माझी माणसं आहेत.’

तुझी माणसं.

वहिनी, मी तेव्हा काही बोलले नाही, कारण तुला उलटी आली आणि मी भांडं धरलं. आता बोलते. मी कोण होते? वीस वर्षं तुझ्या शेजारी उभी राहून जी बाई पोळ्या भाजत होती ती कोण होती? सानिकाला कांजिण्या आल्या तेव्हा तुझ्याबरोबर पाळीपाळीने जागली ती? माझं मूल पोटातच गेलं तेव्हा तू माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होतीस, मी तर कराडची आठवणसुद्धा काढली नव्हती. मला माझं माणूस इथेच मिळालं होतं, एका हाकेवर. तुला मिळालं नव्हतं, हे तू मला त्या अवस्थेत सांगावंस?

आणि त्यावर कडी म्हणजे तू माझ्याकडून वचन घेतलंस. सानिकाला कळू देऊ नको. आईने आपल्या नोकरीसाठी अंगावर काढलं, असं तिच्या मनात आयुष्यभर राहील. त्यापेक्षा डॉक्टरणीला कळलं नाही, असंच राहू दे. आजारी माणसाला नाही म्हणता येत नाही, हे तुला पक्कं ठाऊक होतं. मी हो म्हणाले.

मे महिन्यात तू हट्ट धरलास, मला अल ऐनला घरी न्या. म्हणजे बघ, शेवटी घर म्हणालीस ते यालाच. जूनमध्ये गेलीस. भर सीझनमध्ये. त्या दिवशी दादांचा फोन वाजत होता, लोकांचे एसी थंड करत नव्हते. दादा कोपऱ्यात उभे राहून सगळ्यांना ‘सर, टुडे नॉट पॉसिबल, इन्शाल्ला टुमॉरो’ म्हणत होते आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मला त्यांची दया आली. पण ती फार टिकली नाही, कारण चारच दिवसांत ते म्हणाले की अस्थी सध्या इथेच ठेवू, सीझन संपला की डिसेंबरमध्ये कृष्णेत सोडून येतो.

डिसेंबरमध्ये. आलेल्या पाहुण्यांसमोर मी अशी काही ओरडले की आपल्या घरात तसं कुणी कधी ओरडलं नसेल. मी म्हणाले, तिला आता तरी डिसेंबरपर्यंत थांबवू नका. कुणाला काही कळलं नाही. सगळ्यांना वाटलं, जावेवर फार जीव होता, डोक्यावर परिणाम झालाय. दुसऱ्या दिवशी प्रकाश अस्थी घेऊन विमानात बसला.

चालायला मी एकटी जाऊ लागले. बाबा बागेच्या फाटकात उभे होते. म्हणाले, ‘बडी बहन किधर?’ मी सांगितलं. त्यांनी दोन्ही हात वर करून दुवा मागितली. मग विचारलं काय झालं होतं, आणि मी सांगितल्यावर त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. ‘इधर डॉक्टर नहीं था?’ आपल्या घरी इतकी माणसं येऊन गेली, देवाची मर्जी, तिचं तेवढंच आयुष्य, सुटली बिचारी, असं म्हणून. हा प्रश्न एकानेही विचारला नव्हता. दगड कट्ट्यावरच होता. मी फळं उचलली नाहीत.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. पुण्याच्या डॉक्टरांनी तुला घरी सोडताना बजावलं होतं की सानिकाने स्वतःची तपासणी करून घ्यायला हवी, तिच्या मावशीलाही पूर्वी असंच काही झालं होतं म्हणे. मी जुलैपासून तिच्या मागे लागले. फोन केला की ती अबुधाबीतल्या रीम आयलंडवरच्या त्या उंच खोलीतून मला एकच सांगायची. ‘काकू, आय विल डू इट इन पुणे. हिअर दे मिस्ड इट.’ तिने रागाच्या भरात त्या दवाखान्याला फोनही केला होता. ते म्हणाले, या नावाच्या पेशंट आमच्याकडे आल्याच नाहीत. झालं. दादा म्हणाले, बघा, रेकॉर्डच गायब केलं, असे असतात हे लोक. सानिका म्हणाली, आता तर मी इथल्या कुणाला हातच लावू देणार नाही.

आणि मग ती म्हणाली, ‘डिसेंबरमध्ये जातोच आहोत ना. तेव्हा दाखवीन.’

तुझाच आवाज. शब्दसुद्धा तेच. माझ्या हातातली कणीक तशीच राहिली.

तुझ्या लक्षात येतंय का, तू काय करून ठेवलंस? पोरीच्या मनाला लागू नये म्हणून तू एक खोटं रचलंस, आणि ते खोटं तिच्याच वाटेत आडवं पडलं. तू बिनधास्त निघून गेलीस आणि त्याची राखण करायला मला बसवलंस. त्या रात्री मी प्रकाशलाही काही सांगितलं नाही. सगळा राग तुझ्यावरच काढला, मनातल्या मनात, आणि सकाळी सानिकाला मेसेज केला की शनिवारी ये, मला करमत नाही.

ती आली. पहाटे मी तिच्या दारावर टिचक्या मारल्या. ती कुरकुरत उठली. आम्ही शेतांच्या रस्त्याला लागलो. ती तुझ्यासारखी भराभर चालते, हात हलवत, मला धाप लागली. कट्ट्यापाशी मी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. गाठ, डिसेंबर, तुझा दोन दिवसांचा अबोला, पाटी, गार हात, मार्च, वचन. नोकरीचंही सांगितलं. गाळून काही सांगायचं नव्हतं मला, एकदा गाळलेलं आपल्या घरात फार महागात पडलंय.

सानिका आधी म्हणाली, ‘दॅट्स नॉट ट्रू.’ मग म्हणाली, ‘तिने मला त्या डॉक्टरचं नाव सांगितलं होतं. शी वॉज लाफिंग.’ मग तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. वाटलं, तूच बरोबर होतीस, पोर मोडली. आणि मग ती रडत रडत म्हणाली, ‘आय ॲम सो अँग्री विथ हर, काकू. सो अँग्री.’

मी तिला जवळ घेतलं. वहिनी, इतके दिवस या घरात एकटी मीच चिडलेली होते. बाकी सगळे नुसते दुःखी होते. तिने ते म्हटल्यावर मला पहिल्यांदा मनसोक्त रडता आलं. आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला बसून तुला काय काय बोललो, ते तू ऐकलं नसशील तर बरंच. मग हळूहळू दुसरंही निघालं. तू तिच्या प्रत्येक वाढदिवसाला रडायचीस ते. तिचे जुने शूज टाकू द्यायची नाहीस ते. तिला घरची आठवण येईल म्हणून डब्यात मेतकूट लपवून ठेवायचीस आणि ती चिडायची ते. तू माझ्या वाट्याला आलीस हे माझं भाग्य, हेही मी तिथेच म्हणाले, आणि लगेच वर सानिकाला म्हणाले की तरी तुझ्या आईला एक ठेवून द्यायला हवी होती.

डोळे पुसून सानिका उठली आणि म्हणाली, चल. मला वाटलं, घरी. ती म्हणाली, त्याच दवाखान्यात.

घामाने भिजलेल्या कपड्यांनीच आम्ही तिथे गेलो, दार उघडायच्या आधी पोचलो. पाटीवर ते नाव होतं. ती डॉक्टरीण पन्नाशीची निघाली, चष्मा कपाळावर, बोलणं तुटक. तिने आईबद्दल विचारलं तेव्हा सानिकाने नीट सांगितलं, कधी गाठ लागली, कधी दाखवली, मध्ये किती महिने गेले. आणि शेवटी एकदम म्हणाली, ‘आय ॲम सॉरी.’ डॉक्टरणीला वाटलं, ही अशीच बोलतेय, तिने मान हलवून पडदा ओढला. मी सानिकाची पर्स मांडीवर घेऊन बाहेर बसले आणि जे देव आठवतील त्यांची नावं घेतली. तुझंही घेतलं, रागातच.

काही निघालं नाही, वहिनी. पुढे दरवर्षी दाखवायला सांगितलंय, इथेच.

बाहेर पडलो तेव्हा ऊन चढलं होतं. सानिका पायरीवर थांबली. समोर मशीद, तिच्यापुढे आपली गल्ली, आणि गल्लीत आपल्या गच्चीवर माझी वाळत घातलेली हिरवी साडी. ती कितीतरी वेळ त्या साडीकडे बघत राहिली.

‘काकू,’ ती म्हणाली, ‘हे इतकं जवळ आहे?’

मी हो म्हणाले.